फॅक्ट-चेकने अफवा मरते का?

शंकासुर:
गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मामांनी पुराचा एक फोटो टाकला. जुना, भलत्याच देशातला. मी तथ्यपडताळणीच्या संकेतस्थळाची लिंक दिली. मामांचं उत्तर: "हेही कुणाचे तरी बांधलेलेच." लिंक कुणी उघडली नाही, फोटो मात्र पुढे गेला. ही संकेतस्थळं म्हणजे वरातीमागून घोडं. २०१८मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात आलेला ट्विटरवरचा अभ्यास आठवा: १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. तुम्ही पुरावे जमवून लिहीपर्यंत अफवा गावभर!

भिंगवाली:
@शंकासुर, त्या अभ्यासातल्या सुमारे १,२६,००० बातम्यांपैकी खरी कुठली नि खोटी कुठली, हे ठरलं सहा फॅक्ट-चेक संस्थांच्या निकालांवरून. म्हणजे ज्याला घोडं म्हणतोस त्याच्याच पाठीवर बसून तू इथे आलास.
आणि 'खोडून काढलं की माणूस उलट हट्टाला पेटतो' हेही कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच: तो २०१०चा निष्कर्ष. पुढे वुड आणि पोर्टर या संशोधकांनी ५२ मुद्द्यांवर तपासलं, तर तसं जवळजवळ कुठेच दिसलं नाही. दुरुस्ती वाचून लोकांची माहिती सुधारते. मत कुणाला द्यायचं ते सहसा बदलत नाही, हे कबूल.

आडवातिडवा:
वेगाचं सोडा. कुठला दावा तपासायचा हे कोण ठरवतं? हजारातले चार उचलले की तिथेच बाजू आली. वर 'अर्धसत्य', 'दिशाभूल' असे शिक्के, मोजपट्टी कुणाची? जानेवारी २०२५मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीने अमेरिकेतला पडताळणीचा कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा झुकरबर्ग यांनीही पडताळणाऱ्यांवर राजकीय पक्षपाताचाच ठपका ठेवला. त्याऐवजी वापरणाऱ्यांनीच पोस्टखाली खुलाशाच्या टिपा लिहाव्यात, हे मला जास्त पटतं.

भिंगवाली:
त्या टिपा लिहिणारे पुरावा कुठून आणतात? कित्येकदा याच संकेतस्थळांवरून. शिवाय टीप सगळ्यांना दिसायला एरवी एकमेकांशी न पटणाऱ्यांचं एकमत लागतं. ज्या विषयावर डोकी फुटतात तिथे ते कसं होणार?
निवडीचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आयएफसीएन या फॅक्ट-चेक संस्थांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या आचारसंहितेत पैसा कुठून येतो, तपासायची पद्धत काय, चूक झाली तर दुरुस्ती कशी करणार, हे उघड करायची अट आहे. मी आधी ते पान शोधते. नसलं तर पुढे वाचत नाही.

आडवातिडवा:
ते पान वाचणारी तू एकटीच असशील.

शंकासुर:
घोड्याचं अर्धं मागे घेतो. पण मामांचं काय?

भिंगवाली:
निकालाची लिंक देऊ नकोस. रिव्हर्स इमेज सर्च कर, म्हणजे फोटोच टाकून शोध घे, आणि फोटो पहिल्यांदा कधी, कुठे आला तेवढं एका ओळीत सांग. चारचौघांत नको, एकट्यांना फोन कर.

शंकासुर:
फोन केला की आधी नोकरीचं काय झालं ते विचारतील.