बर्फातल्या गावांना छोटी अणुभट्टी चालेल का?

धंतोलीकर
माझी धाकटी बहीण कॅनडात नुनावूतच्या इकालुइटला नर्स आहे. तिथे वीज डिझेलवर, घरं तापवायची तीही तेलावर. बाहेरून रस्ता नाही. समुद्राचा बर्फ वितळला की जहाजं तेल आणतात आणि तेच हिवाळाभर पुरवायचं. अशा ठिकाणी छोटी अणुभट्टी बसवावी असं बोललं जातं. खरंच चालेल?

कोराडी_निवृत्त
मी कोळशाच्या बॉयलरवर नोकरी केली, पण वाफेचं गणित तेच आहे जी. अणुभट्टीतल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो, बाकी वाया जाते. नागपुरात मे महिन्यात ती कोणाला हवी? तिकडे मात्र तीच जास्त मोलाची.

रशियात हे 1974 पासून चालू आहे. चुकोत्कातल्या बिलिबिनोला 12 मेगावॉटच्या चार भट्ट्या उभारल्या, त्या वीजही देत आणि गावाला गरम पाणीही. आता त्या म्हाताऱ्या झाल्या, पहिली बंदही केली. तिकडेच पेवेकच्या किनाऱ्याला ‘अकादेमिक लोमोनोसोव’ हे तरंगतं केंद्र आहे, 35 मेगावॉटच्या दोन भट्ट्या. डिसेंबर 2019 मध्ये वीज सुरू झाली, पुढच्या वर्षी घरांना उष्णता.

चार आणि दोन. एकट्या भट्टीवर गाव सोडलेलं नाही, हे नीट बघा. इंधन बदलायला, तपासणीला भट्टी थांबतेच. आमचा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर ग्रिड सांभाळून घेतं. इकालुइटला बाहेरचं ग्रिडच नाही! उणे तीसमध्ये उष्णता थांबली तर आधी नळ गोठतील, मग माणसं. म्हणजे डिझेल संच आणि तेलाचे बॉयलर राखीव ठेवावेच लागणार.

महाल_४४
खर्चाचंही बोला. अलास्कातल्या गलेना गावाला तोशिबाची 10 मेगावॉटची भट्टी हवी होती. वर्षानुवर्षं चर्चा झाली, भट्टी आली नाही. भट्टी लहान म्हणून परवाना, पहारा, शिकलेली माणसं यांचा खर्च त्या प्रमाणात लहान होत नाही.

धंतोलीकर
आणि वापरलेलं इंधन? बहीण म्हणते, तिथले लोक पहिला प्रश्न हाच विचारतील.

कोराडी_निवृत्त
विचारायलाच पाहिजे. गरम पाणी फार लांब नेलं तर वाटेतच थंड होतं, म्हणून भट्टी गावाजवळच येणार. लोमोनोसोव दुरुस्तीला ओढून परत नेता येतं, इंधनही त्याच्यासोबत जातं. जमिनीवरच्या भट्टीचं इंधन कोण, कधी, कोणत्या जहाजानं नेणार, हे करारात लिहिलेलं नसेल तर गावानं सही करू नये. बहिणीला आणखी एक विचारा: त्यांच्या हॉस्पिटलला स्वतःचा बॉयलर आहे का, आणि टाकीतलं तेल किती दिवस पुरतं?