ट्रकला बायपास ऑइल फिल्टर (मेन फिल्टरशिवाय थोडं थोडं ऑइल वेगळं गाळणारा) बसवायचाय, लाइन कुठून काढू?

जुना टाटा १६१३ आहे, मेन फिल्टर रिमोटवर (इंजिनवरून काढून पाइपने जोडून) चेसिसला आणायचा आणि सोबत बायपासपण लावायचा, मेकॅनिक म्हणतो प्रेशर कमी होईल, खरंय का?

> ऑइल प्रेशर स्विचजवळ टी (तीन तोंडांचा जोड) टाकून फीड घे, रिटर्न संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) सोड. बायपासमधून थोडंच ऑइल फिरतं, पण तोंडाशी बारीक भोकाचा ऑरिफिस हवाच, तो नसेल तर मेकॅनिकचं बरोबर, आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) प्रेशर पडणार.

> आणि पाइप तापणाऱ्या टर्बोपासून लांब ने रे बाबा! चेसिसला घासतो तिथे रबर क्लिप मार, नाहीतर घाटात सगळं ऑइल रस्त्यावर. रिमोटचे इन-आउट उलटे जोडू नको. चालू करून बंद कर, मग डिपस्टिक बघ, फिल्टर-पाइपात ऑइल भरल्यानं लेव्हल उतरलेली असते.