पीएचडीची ऑफर आहे, पण पगार ग्रँटवर. हो म्हणू का?

पऱ्हाटी:
मी दारव्हा तालुक्यातली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून कीटकशास्त्रात एम.एस्सी. झालेय. कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे, डोमकळ्या उकलून आतली बोंडअळी टिपून ठेवायची, हेच काम. आता अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठाने पीएचडीला घेतलंय. फी माफ, वर स्टायपेंड. पण पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात: ‘निधी उपलब्ध असेपर्यंत’. तिथल्या गाइड मॅडमनीच कळवलं की माझा पगार त्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून मिळालेल्या ग्रँटमधून निघेल. इकडे सोसायटीचं कर्ज थकलंय आणि बाबा तिकीट-व्हिसासाठी दोन एकर गहाण टाकायला निघालेत. तिथल्या विद्यापीठांच्या संघटना सरकारविरुद्ध कोर्टात गेल्यात म्हणे. त्याचा माझ्यासारखीला काही फायदा, की ते मोठ्यांचं भांडण?

आर्वीकर (सध्या अमेरिकेत पोस्टडॉक):
फायदा आहे, पण पैशाच्या बाजूने जास्त, व्हिसाच्या बाजूने कमी. फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचने, म्हणजे आरोग्य-संशोधनाला पैसे देणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने, ग्रँटवरचा वरकड खर्च सरसकट 15 टक्के करायचं ठरवलं. वरकड म्हणजे लॅबची वीज, इमारत, हिशेबनीस. कित्येक विद्यापीठांना याच्या तिप्पट मिळायचा. एएयू, एपीएलयू, एसीई या विद्यापीठांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि तो निर्णय रोखला गेला. पण परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था यूएसएड गुंडाळली तेव्हा तिच्या पैशावरच्या ‘फीड द फ्यूचर’ कार्यक्रमाच्या बहुतेक शेती-लॅब बसल्या, त्या काही कुणाला वाचवता आल्या नाहीत. म्हणून तुझी ग्रँट कुठल्या खात्याची, हे आधी विचार.

व्हिसाचं म्हणशील तर नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या एक लाख डॉलर फीविरुद्धही एएयू लढली, डिसेंबर 2025 मध्ये खालच्या कोर्टात हरली. एफ-वनला, म्हणजे विद्यार्थी व्हिसाला, चार वर्षांची मर्यादा घालायचा प्रस्ताव ऑगस्ट 2025 मधला. पीएचडी चारात उरकणारे मी तरी फार पाहिले नाहीत.

मॅडमना ईमेलवरच विचार: ग्रँट कधी संपते, मधेच थांबली तर विभाग टीएशिप (शिकवण्यात मदत करण्याचं पगारी काम) देईल का. फोनवरचा होकार धरू नको. आणि घाई नको. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर ज्यांची सही आहे, ती विद्यापीठं स्टायपेंडच्या ऑफरवर 15 एप्रिलच्या आधी उत्तर मागू शकत नाहीत.

दिग्रसचे_मास्तर:
पोरी, वावर काहून गहाण टाकता? साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाले तारण लागत नाही, आईबाप सहकर्जदार पाहिजेत फक्त. शाखेतला साहेब ‘नाही’ म्हणन, त्याले म्हण लेखी दे. लेखी द्यायचं म्हटलं का कागद आपोआप सरकते. सोसायटीची थकबाकी मात्र सिबिलले आडवी येते, तिचं पहिले पाहा.

पऱ्हाटी:
मॅडमचं उत्तर आलं. ग्रँट यूएसडीएची, म्हणजे तिथल्या कृषी खात्याची, तीन वर्षांची. पुढे टीएशिप देण्याचा विभाग ‘प्रयत्न करेल’.

आर्वीकर:
‘प्रयत्न करेल’ चालणार नाही. विभागप्रमुखाला सीसीत ठेवून ‘देईल’ लिहून माग. चिडत नाहीत, त्यांना सवय आहे.

पऱ्हाटी:
मागितलंय. बाबांना गहाणखताच्या कामातून तूर्त थांबवलं. व्हिसासाठी सोशल मीडिया खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवावी लागतात ना? माझ्या इन्स्टावर निव्वळ अळ्या आहेत, ऑफिसरला किळस येईल तेवढीच. मुंबईचा मुलाखतीचा स्लॉट एवढ्यात कुणाला मिळालाय का?