अनुभव धागा: परक्या देशात आलेली मुलं आणि त्यांची कला

निर्वासित किंवा स्थलांतरित मुलांबरोबर नाटक, चित्रं, गाणी असं काही केलंय का कुणी? की तुम्हीच ती मुलं होतात? लिहा, लांबलं तरी चालेल. मुलांची नावं मात्र नकोत प्लीज.

*

मी चौदाव्या वर्षी नव्या देशात आलो. तिथली भाषा घरात मला एकट्यालाच यायची त्यामुळे आईबरोबर डॉक्टरकडे दुभाष्या मीच, तिला काय झालंय ते तिच्याआधी मला कळायचं आणि मग ते मी तिला कसं सांगायचं? कुणाजवळ बोललो नव्हतो. आमच्या ग्रुपमध्ये फोरम थिएटर करायचो, म्हणजे प्रसंग मध्येच थांबवायचा आणि बघणाऱ्यांपैकी कुणीतरी उठून पात्राच्या जागी उभं राहायचं (ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलची पद्धत, त्यालाही १९७१ मध्ये देश सोडावा लागला होता). माझ्या प्रसंगात एक मुलगी उठली आणि डॉक्टर झालेल्याला म्हणाली, "हे मी आईला सांगणार नाही, दुसरा दुभाष्या बोलवा." असं म्हणता येतं हेच मला माहीत नव्हतं!!

*

मी चित्रांचा वर्ग घ्यायचे. पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहाने सांगितलं, तुमचा प्रवास काढा. एका मुलाने कागद उलटा करून ठेवला. नंतर कळलं, आश्रयाच्या मुलाखतीत त्याला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली होती, तारीख जरा इकडची तिकडे झाली की खोटं बोलतोस. विषय देणं सोडलंच मी. पुढचे दोन महिने त्याने फक्त फुटबॉलचे बूट काढले. झकास काढले.

*

ताई, यावरून फ्रीडल डिकर-ब्रँडाइस आठवल्या. नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या तेरेझिनच्या घेट्टोत मुलांना चित्रकला शिकवायच्या, आणि चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावायच्या. १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झच्या छळछावणीत नेण्याआधी त्यांनी दोन सुटकेस भरून चित्रं मागे ठेवली, म्हणून उरली.

*

अमल नावाची साडेतीन मीटर उंच बाहुली २०२१ मध्ये तुर्कस्तानातून मँचेस्टरपर्यंत गेली, सीरियाची दहा वर्षांची निर्वासित मुलगी म्हणून. आम्ही व्हिडिओ लावला, सगळे भारावलेले. एक पोरगी म्हणाली, बाहुलीकडे कागदपत्रं कुणी मागितली का? यावर काय बोलणार.

*

आमच्या प्रदर्शनाच्या पोस्टरवर "निर्वासित मुलांची चित्रं" असं छापलेलं. उद्घाटनाआधी दोघीजणींनी पहिला शब्द खोडून टाकला. आयोजक जाम चिडले, अजूनही विचारतात कुणी केलं. मार्कर माझा होता :)