फाटकाजवळचे पेव्हर ब्लॉक

सचिव (अ-१०४): सभासदहो, मंगळवारी फाटकाजवळ उतरवलेले पेव्हर ब्लॉक सोसायटीने मागवलेले नाहीत. आपल्या प्रभागातील एका इच्छुक उमेदवाराने ते पाठवले असून, आपण होकार दिल्यास पार्किंगमध्ये स्वखर्चाने बसवून देण्याची त्यांची तयारी आहे. रविवारच्या सभेत निर्णय घ्यायचा आहे, तरी आपली मते येथे मांडावीत.

क-७०१: घ्यायला हरकत काय आहे? खातात तर सगळेच. हा निदान खाऊन काम तरी करतो. लिफ्टच्या दुरुस्तीत सोसायटीचा निधी संपला आणि आपण दर पावसाळ्यात चिखल तुडवतो आहोत.

ब-५०३: भाऊ, 'खातो, पण काम करतो' हे वाक्य मी माहेरी, जळगावात, वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तिथल्या नगरपालिकेने १९९०च्या दशकात अकरा हजारांवर घरकुले बांधायची ठरवली आणि त्यांपैकी जेमतेम दीड हजार पूर्ण झाली. या प्रकरणी महापालिका आयुक्तांच्या फिर्यादीवरून २००६ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. साऱ्या शहरात त्याची चर्चा होती, तरीही ज्यांच्या गटाची तेव्हा नगरपालिकेवर सत्ता होती, ते सुरेशदादा जैनच २००९ मध्ये पुन्हा आमदार झाले. मार्च २०१२ मध्ये त्यांना अटक झाली आणि २०१४ची निवडणूक तुरुंगातून लढवताना ते हरले. (धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले ते त्यानंतर, २०१९ मध्ये.) अर्धवट घरकुले दोन्ही निवडणुकांच्या वेळी तशीच उभी होती. बदलले ते एवढेच, की 'आरोप काय, निवडणूक आली की सगळ्यांवरच होतात' असे म्हणणाऱ्या आमच्या गल्लीला अटकेनंतर ते म्हणता येईना.

क-३०२: ताई, नांदेडचे गणित मात्र यात बसत नाही. मुंबईतल्या 'आदर्श' सोसायटीच्या इमारतीतील गैरव्यवहाराच्या प्रकरणात नांदेडच्या अशोकराव चव्हाणांना नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, २०१२ मध्ये आरोपपत्र दाखल झाले, आणि तरीही २०१४च्या लोकसभेत राज्यातून काँग्रेसच्या ज्या दोनच जागा आल्या, त्यांतली एक त्यांची होती. (त्यांच्यावरील खटल्यासाठी राज्यपालांनी दिलेली मंजुरी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली, हेही नोंदवायला हवे.) त्या वेळी मी नांदेडच्या काकांना कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ती इमारत कुलाब्यात. आमच्या दारापुढचा रस्ता मात्र गुरु-ता-गद्दीच्या शीख सोहळ्याच्या वेळी झाला, तो आम्ही रोज वापरतो." पैसा कोणाचा गेला, यापेक्षा तो आपल्या दारातून गेला की लांबून, हेच माणूस पाहतो, असे मला तेव्हापासून वाटते.

अ-६०२: दोघांचेही पटते, पण एक गोष्ट राहिली. मतदार डोळेझाक करतो असे मला वाटत नाही. समोरचा उमेदवार याहून स्वच्छ आहे, यावर त्याचा विश्वास बसत नाही, ही खरी अडचण आहे. 'सगळेच चोर' असे एकदा मनाशी ठरले, की चोरीचा मुद्दाच हिशेबातून वजा होतो आणि मग जात, ओळखपाळख किंवा पेव्हर ब्लॉक एवढेच पाहायचे उरते. याचा सर्वांत मोठा फायदा खरोखर खाणाऱ्यालाच होतो, कारण न खाणाऱ्यालाही आपण त्याच्याच रांगेत उभे केलेले असते. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा'ला २७ हजारांवर मते पडली आणि तो पर्याय चक्क दुसऱ्या क्रमांकावर राहिला. विरोधातला उमेदवार संगनमताने दिला गेल्याची चर्चा त्या वेळी तिथे होती. खरे काय ते असो, पण राग दाखवायला लोकांना उमेदवार सापडला नाही, एवढे त्या आकड्यावरून दिसते.

बाकी उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे गुन्हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे आपल्याला प्रतिज्ञापत्रात वाचता येतात. मागच्या विधानसभेला मी आपल्या मतदारसंघातली पाच प्रतिज्ञापत्रे वाचली. अर्ध्या तासाचे काम होते. आणि कबूल करायला संकोच वाटतो, पण मत शेवटी पक्ष पाहूनच दिले.

क-७०१: काका, तुम्हीच असे केलेत, तर आम्ही ब्लॉक घेतले म्हणून काय बिघडले? जळगाव, नांदेड, लातूर सगळे ठीक आहे, पण चिखल इथे आहे. शिवाय ब्लॉक घेऊनही मत ज्याला द्यायचे त्याला देता येते, मतदान गुप्तच असते.

ब-५०३: गुप्त असते हे खरे, पण रविवारच्या सभेआधी आपण एकदा खाली जाऊन ते ब्लॉक नीट पाहावेत, अशी विनंती आहे. मी आत्ता भाजी घेऊन येताना थांबून पाहिले. ते नवे नाहीत. बऱ्याच ब्लॉकांच्या कडांना जुने सिमेंट चिकटलेले आहे आणि काहींवर पिवळ्या रंगाचे पट्टे अर्ध्यात तुटलेले दिसतात. मागच्या गल्लीतला पदपथ पंधरा दिवसांपूर्वी उखडला, त्याच्या कडेलाही असाच पिवळा पट्टा होता. माझी चूकही होत असेल.

सचिव (अ-१०४): ताई, फोटो टाकता येतील का?

क-७०१: थांबा, मीच टॉर्च घेऊन खाली जातो.