वाट्याचे पैसे आधीच का द्यायचे

ताई, शेतातली भाजी घराघरांत वाटून घ्यायची तुमची कल्पना फार आवडली. तुम्ही विचारलंय, माल हातात आल्यावर पैसे दिले तर काय बिघडलं? खरी गोम तिथंच आहे. बियाणं, शेणखत, मजुरी सगळं मिरगाच्या आसपास लागतं, आणि नेमकं तेव्हाच शेतकऱ्याचा हात रिकामा असतो. मग तो व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि सुगीला व्यापारी म्हणेल त्या दराने माल घालतो. दहा-पंधरा घरांनी हंगामाचा वाटा आधीच भरला तर ही उचल टळते. अमेरिकेत १९८६ साली अशी पहिली शेतं उभी राहिली ती याच हिशोबावर. जपानात तर ‘तेइकेई’, म्हणजे शेतकरी आणि घरं यांनी थेट जोडून घ्यायची पद्धत, त्याच्याही आधीपासून चालू होती.

भाजी वाटायची सुरुवात मात्र पावसाळ्यात नको. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या पावसात पालेभाजी कुजते आणि पहिल्याच महिन्यात लोक नाराज होतात. दसऱ्यानंतर धरा. तेव्हा रताळी निघतात, पुढं येळ्ळूरचा बासमती, मग भात कापलेल्या काळ्या रानातली मसूर.

आमच्याकडे रताळी लाल मातीसकट येतात. पहिल्यांदा आईनं सगळी धुऊन टोपलीत भरली, आठवड्यात निम्मी नासली. तेव्हा शेतकरीण मावशींनी सांगितलं, ‘माती राहू दे की, लागतील तेवढीच धुवा.’ वाट्यासोबत असं सांगणारं माणूसही मिळतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि पीक बुडालं तर काय, हे आधीच कागदावर लिहा, मराठीत आणि कन्नडमध्येही.