टर्बोचा इंटरकूलर होज ब्रॅकेटला घासतो : गुंडाळावे काय आणि कसे?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १.५ लिटरची, पुढच्या चाकांवर चालणारी टर्बो डिझेल गाडी असून तिने लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला आहे. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरून कणकवलीला माझे नेहमी जाणे असते. मध्यंतरी परतीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, पिकअप पडला आणि मागे काळा धूर दिसू लागला. सपाट रस्त्यावर मात्र गाडी ठीक वाटत असे. गॅरेजमध्ये खालचे कव्हर उतरवले तेव्हा टर्बोकडून (इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र) इंटरकूलरकडे (ती तापलेली हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी होज, म्हणजे नळी, बॅटरी ट्रेखालच्या पत्र्याच्या ब्रॅकेटला घासून चिरलेला सापडला.

होज नवा बसवला आहे, परंतु तोही त्याच कडेपासून अगदी जवळून जातो. शिवाय इंटरकूलरकडून वर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाइपवर, रेडिएटर फॅनच्या कव्हराजवळ, एक चकचकीत डाग पडलेला असून त्याभोवती करडी भुकटी जमते. सायकलची ट्यूब चिरून होजवर गुंडाळावी आणि केबल टायने आवळावी, असा सल्ला मला गॅरेजमध्ये मिळाला. हा उपाय टिकाऊ आहे का, की उष्णतेने ट्यूब वितळून नवेच काम निघेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यमनगर_फिटर

आपण गुंडाळण्याबद्दल विचारले आहे, पण त्याआधी होज तिथपर्यंत पोहोचतो कशामुळे, हे शोधावे असे मी आग्रहाने सांगेन. कंपनीतून गाडी बाहेर पडते तेव्हा होज आणि ब्रॅकेट यांच्यात अंतर ठेवलेले असते. लाख किलोमीटरनंतर ते अंतर नाहीसे झाले असेल, तर दोहोंपैकी काहीतरी जागेवरून सरकले आहे, आणि बहुतेक वेळा ते इंजिनच असते.

आडवे बसवलेले इंजिन चाकांना जितका पीळ देते, तितकाच उलटा पीळ त्याच्या माउंटिंगना (इंजिन बॉडीला धरणाऱ्या रबरी आधारांना) सोसावा लागतो. २५० न्यूटन-मीटर टॉर्क असलेल्या इंजिनला दुसऱ्या गिअरमध्ये एकूण आठपट गुणोत्तर मिळते असे धरले, तर माउंटिंगवर सुमारे २,००० न्यूटन-मीटरचा पीळ येतो. पाचव्या गिअरमध्ये हायवेवर याचा लहानसा भागच येतो. त्यामुळे सपाटीवर शांत बसलेले इंजिन घाटात मागेपुढे झुलते. खालच्या टॉर्क रॉडचे (इंजिनचे झुलणे रोखणाऱ्या दांड्याचे) रबर फाटलेले असेल, तर हे झुलणे कितीतरी वाढते आणि इंजिनला जोडलेला होज बॉडीला जोडलेल्या ब्रॅकेटवर जाऊन आपटतो.

दुसरे कारण दाबाचे आहे. ५७ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या होजमध्ये १.२ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) असेल, तर त्याच्या प्रत्येक टोकाला बाहेर ढकलणारा जोर सुमारे ३१ किलो भरतो. होजला जिथे वळण असते, तिथे या जोराने ते वळण सरळ होऊ पाहते. ॲक्सिलरेटर दाबला की होज फुगून बाहेर येतो आणि सोडला की मागे जातो. इंजिन बंद असताना बोट घालून मोजलेले अंतर म्हणूनच फसवे असते.

तपासणी अशी करावी. एका माणसाने ब्रेक पक्का दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडून क्षणभर भार द्यावा, मग रिव्हर्समध्येही तसेच करावे, आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती हलते ते पाहावे. गाडीच्या समोर कोणीही उभे राहू नये. त्यानंतर ब्रॅकेटच्या कडेवर पांढरा पोस्टर कलर लावून पन्हाळ्याचा चढ एकदा जोर देऊन चढून यावे. रंग होजवर उमटला, तर स्पर्श कोठे आणि किती लांबीत होतो ते कळते. अंतर मोजायचे असेल, तर मुलांच्या खेळण्यातल्या तेलकट मातीचा गोळा दोहोंच्या मध्ये दाबून ठेवावा. परत आल्यावर तो जिथे सर्वांत पातळ झाला असेल, तेच खरे अंतर. शाडू वापरू नये, ती वाळून गळून पडते. या मातीची जाडी १० ते १२ मिलिमीटर उरली, तर काहीही गुंडाळण्याची गरज नाही.

हायड्रॉलिक_शिरोली

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, तरीही काही गाड्यांत माउंटिंग नवे टाकूनही जागाच अपुरी असते आणि मग संरक्षणाचा थर द्यावाच लागतो. आमचा व्यवसाय जेसीबी आणि ऊसतोडणी यंत्रांच्या होजचा आहे. तिथे घासणे रोजचेच असल्यामुळे काही गोष्टी ठामपणे सांगता येतील.

केबल टाय थेट होजवर आवळू नये. नायलॉनच्या टायची कड धारदार असते आणि होज दर वेळी फुगताना ती कड रबरात रुतत जाते. ज्या चिरेपासून होज वाचवायचा, तीच चीर टायखाली तयार झालेली आम्ही वारंवार पाहतो. सायकलची ट्यूब पातळ असते आणि सैल गुंडाळली की आत धूळ शिरते. ऊसाच्या हंगामात ट्रॉल्यांमुळे रस्त्यावर येणारा चिखल इंजिनखाली उडतो, वाळतो, आणि ट्यूब व होज यांच्या मध्ये बसून पॉलिश पेपरचे काम करतो. वरून ट्यूब शाबूत दिसते आणि आतला होज झिजत राहतो, हा त्यातला खरा धोका आहे.

त्याऐवजी हायड्रॉलिक होजवर चढवतात तो प्लॅस्टिकचा स्पायरल गार्ड वापरावा. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या परिसरात होजच्या दुकानांत तो मीटरवर मिळतो, होज न काढता गुंडाळता येतो, आणि झिजला की दिसतो. पाइप किंवा होज एका जागी धरून ठेवायचा असेल, तर आतून रबर लावलेला पी-क्लॅम्प (इंग्रजी पी अक्षरासारखी, बोल्टने बसणारी पकड) वापरावा.

ब्रॅकेटच्या उघड्या कडेवर दाराला लावतात तसे यू आकाराचे रबरी बीडिंग चढवावे. त्याआधी कानशीने कडेची धार मोडून घ्यावी, नाहीतर तीच धार बीडिंग आतून कापते.

फौंड्रीची_वाळू

बीडिंग आणि पी-क्लॅम्पबद्दल वाद नाही. स्पायरल गार्डबद्दल मात्र एक गंभीर हरकत नोंदवतो, कारण हायड्रॉलिक होज आणि टर्बोचा होज यांच्या तापमानात मोठा फरक असतो.

बाहेरची ३० अंशांची हवा टर्बोने १ बार बूस्टपर्यंत दाबली, की ती केवळ दाबली गेल्यामुळेच १२० अंशांच्या आसपास तापते; बूस्ट वाढला की तापमान आणखी चढते. ही हवा जिच्यातून जाते ती गरम बाजू, म्हणजे टर्बो ते इंटरकूलर. शेजारी एक्झॉस्टची उष्णता असतेच. स्पायरल गार्ड साधारणपणे हाय डेन्सिटी पॉलिथीनचा असतो आणि ते १३० अंशांजवळ वितळते, त्याच्या बरेच आधी मऊ पडते. प्रश्नकर्त्याचा फाटलेला होज याच बाजूचा आहे. इंटरकूलरनंतरच्या थंड बाजूला हा गार्ड खुशाल लावावा, पण गरम बाजूला लावू नये.

गरम बाजूसाठी मला दोन उपाय योग्य वाटतात. एक म्हणजे त्याच प्रकारच्या होजचा, चिरलेला नसलेला तुकडा लांबीने कापून मूळ होजवर बाहीसारखा चढवणे आणि त्याची दोन्ही टोके रुंद, गुळगुळीत पट्टीच्या क्लॅम्पने इतकीच धरणे की बाही होजवर सरकणार नाही. ती सरकली, तर घासणे फक्त एक थर आत जाते. दुसरा उपाय ब्रॅकेटच्या बाजूने करायचा आहे. १ मिलिमीटर जाडीची टेफ्लॉनची पट्टी ब्रॅकेटवर रिव्हेटने बसवावी आणि रिव्हेटची डोकी स्पर्शाच्या जागेपासून दूर ठेवावीत. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत टिकते आणि त्यावर रबर कापले न जाता घसरते. गॅस्केट आणि पॅकिंग विकणाऱ्या दुकानांत ते शीटमधून कापून देतात. मी स्वतः दोन्ही उपाय एकत्र करणे पसंत करतो, कारण झिजायचे ते बाहीने झिजावे आणि ती बाही स्वस्त असावी.

काच-तंतूची चंदेरी बाही अनेकजण सुचवतात. ती उष्णता परतवते, पण घासण्यापुढे तिचे तंतू लवकर तुटतात. एक्झॉस्टसमोर लावायला ती चांगली, ब्रॅकेटसमोर नाही.

आता सिलिकॉन होजविषयी, कारण पुढचा सल्ला तोच मिळणार आहे. रंगीत सिलिकॉन होज उष्णता उत्तम सोसतो, परंतु चिरण्याला आणि घासण्याला तो मूळ रबरापेक्षा कमकुवत असतो. एकदा बारीक काप गेला की तो पसरतो. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ डिझेलच्या इंटरकूलर होजमध्ये नेहमीच असते आणि साधे सिलिकॉन ते तेल शोषून मऊ पडते. त्यामुळे घ्यायचाच असेल, तर आतून फ्लोरोसिलिकॉनचे अस्तर असलेला घ्यावा. घासण्यावर उपाय म्हणून सिलिकॉन बसवणे मला तर्काला धरून वाटत नाही.

ॲल्युमिनियमच्या पाइपवरची करडी भुकटी म्हणजे पाइपचाच झिजलेला धातू आहे. फॅनचे कव्हर प्लॅस्टिकचे असूनही हे घडते, कारण मध्ये धूळ असते. आमच्या भट्ट्यांतली वाळू असो की रस्त्यावरची, त्यातला क्वार्ट्झ ॲल्युमिनियमपेक्षा फार कठीण असतो. या पाइपांची भिंत दीड-दोन मिलिमीटरचीच असते. डागावरून नख फिरवून खड्डा जाणवला, तर पाइप काढून उद्यमनगरात टिग वेल्डिंगने भरून घ्यावा. नुसताच चकचकीत असेल, तर पाइप सरकवून अंतर वाढवावे.

हायड्रॉलिक_शिरोली

पॉलिथीनच्या गार्डची तापमानाची मर्यादा मान्य आहे. नायलॉनचा विणलेला गार्ड त्यापेक्षा जास्त सोसतो, तरी टर्बोच्या तोंडाशी तोही नको. होजच्या आतले विणकाम, म्हणजे धागे, दिसू लागले असतील, तर त्यावर कोणतीही बाही चढवू नये आणि होज बदलावा, एवढे मात्र येथे नोंदवून ठेवतो. दाब धाग्यांवर पेलला जातो, रबर फक्त हवा अडवते.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ब्रेक दाबून भार दिल्यावर इंजिन डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतके मागे कलत होते. टॉर्क रॉड काढला तेव्हा त्याचे मागचे रबर एका बाजूने पूर्ण सुटलेले निघाले. नवा रॉड बसवून पन्हाळ्याला जाऊन आल्यावर होजवर रंगाचा पुसटसा ठिपका आला, म्हणजे स्पर्श अजून होतो, पण बराच कमी. ॲल्युमिनियमच्या पाइपला खड्डा नाही. त्याच्या ब्रॅकेटचा बोल्ट ढिला होता. तो आवळून फॅनच्या कव्हरापासून अंतर मिळाले.

गाडी उंच घेतली असताना आणखी एक गोष्ट दिसली. टर्बोला तेल पोहोचवणारी नळी पूर्वी कोणीतरी बदललेली असून ती बाहेरून स्टीलच्या तारांची वेणी असलेली आहे. ती वेस्टगेट ॲक्च्युएटरकडे (टर्बोचा दाब आवरणाऱ्या यंत्रणेकडे) जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळीला टेकलेली आहे. वेणीमुळे ती सुरक्षितच आहे असे समजावे का?

उद्यमनगर_फिटर

वेणीमुळे ती नळी स्वतः सुरक्षित असते, शेजारी मात्र सुरक्षित नसतात. स्टीलची वेणी कंपनाने करवतीसारखी चालते. व्हॅक्यूम नळी कापली गेली, तर बूस्टवरचे नियंत्रण बिघडेल आणि गाडी लिंप मोडमध्ये (ताकद कमी करून चालण्याच्या स्थितीत) जाईल, एवढ्यावर भागेल. पण त्याच वेणीचा दुसरा भाग एखाद्या धातूच्या कडेला घासत असेल, तर तारा एकेक करून तुटतात, आतली नळी उघडी पडते आणि दाबाखालचे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडते. गाड्यांना आग लागण्याची ती एक ठरलेली वाट आहे. त्यामुळे होजच्या आधी हे काम हाती घ्यावे. नळी पूर्ण लांबीत हाताने चाचपावी, मात्र इंजिन थंड असताना आणि जाड हातमोजा घालून, कारण तुटलेली तार बोटात सहज घुसते. एक जरी तार तुटलेली आढळली तरी नळी बदलावी. शाबूत असेल, तर तिच्यावर सिलिकॉनचे आवरण असलेली काच-तंतूची बाही चढवून ती इंजिनच्याच एखाद्या बोल्टला पी-क्लॅम्पने धरावी. बॉडीला धरू नये. एक टोक इंजिनवर आणि मधला आधार बॉडीवर असला, तर प्रत्येक झुलण्याला नळी तिथेच मोडत राहते. व्हॅक्यूम नळी वेगळ्या बाजूने वळवता येईल.

होजच्या ठिपक्यासाठी आता टेफ्लॉनची पट्टी आणि बाही पुरेशी आहे. बाही चढवताना क्लॅम्पचा स्क्रू खाली किंवा मोकळ्या बाजूला येईल असा फिरवून घ्यावा. क्लॅम्पची उरलेली पट्टी वायरिंगला टोचत असेल, तर ती कापून कड गोल करावी. पट्टीला भोके असलेली साधी होज क्लिप बाहीवरही वापरू नये, त्या भोकांतून रबर वर येऊन कापले जाते.

पंचगंगाकाठ

तेलाच्या नळीची तार तुटलेली नाही, आजच हाताने तपासली. पी-क्लॅम्प कोणत्या मापाचा घ्यावा? दुकानदार नळीचे माप विचारतो आणि माझ्याकडे आतल्या व्यासाचा आकडा आहे.

हायड्रॉलिक_शिरोली

आतला व्यास येथे उपयोगाचा नाही. बाही चढवल्यानंतर व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजावा आणि त्याच मापाचा क्लॅम्प घ्यावा. नेमके माप मिळाले नाही, तर एक मिलिमीटर लहान चालेल, मोठा चालणार नाही, कारण सैल क्लॅम्पमध्ये नळी फिरते आणि त्यातले रबर खाऊन टाकते. बोल्टचे भोक सहसा ६ किंवा ८ मिलिमीटरचे असते, तेही आधी पाहून ठेवावे. क्लॅम्पचे रबर इपीडीएमचे (एका प्रकारचे कृत्रिम रबर) असेल, तर तेलात ते फुगते. तेलाच्या नळीसाठी आतून सिलिकॉन लावलेला क्लॅम्प मागावा. तेलाच्या ओलाव्याने तोही कालांतराने मऊ पडतो, पण इंजिनची उष्णता जास्त काळ सोसतो, आणि सर्व्हिसच्या वेळी पाहून बदलता येतो.